२ चा ६४ वा घात, त्याच्या एक अलीकडची आणि एक पलीकडची

मोठी संख्या समोर आली की आपण काय करतो, आधी अंक मोजतो, मग उजवीकडून स्वल्पविराम देत देत लाख-कोटी लावायला बघतो, आणि कोटीच्या पुढे गाडी गेली की बापरे म्हणून सोडून देतो. म्हणजे ती किती मोठी आहे एवढंच विचारून झालं, ती कशी आहे हे विचारायचं राहूनच गेलं. मला तर दुसराच प्रश्न जास्त आवडतो. तर आज एकच संख्या घेऊन बसूया, ही:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

वीस अंकी आहे. आपल्या पद्धतीने लिहिली तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं आणि सगळे दाणे एकत्र करायचे, तेव्हा जी बेरीज येते ती हीच. २ चा ६४ वा घात, त्यातून एक वजा. टाइप करताना २^६४ − १. एक तांदूळ २५ मिलिग्रॅमचा धरला तर हे सुमारे ४६ हजार कोटी टन होतात, आपल्या देशाचं आत्ताचं तांदळाचं पीक सलग तीन हजार वर्षं साठवलं तरी पुरणार नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत करत करत अठरा स्थानांची नावं दिलीत, शेवटचं नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या त्या परार्धाच्याही पुढची, १८४ परार्ध आणि वर थोडं. आकाराचं एवढं बास.

आता ही संख्या आपण वीस चिन्हांत लिहू शकलो याचं श्रेय शून्याला आणि स्थानमूल्याला, आणि आम्हा ग्वाल्हेरकरांना इथे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. किल्ल्यावर चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं, बरेच लोक मानमंदिर राजवाडा बघायच्या घाईत तसेच पुढे निघून जातात. त्या देवळात संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि रोज ५० माळा द्यायच्या, असा साधा व्यवहाराचा मजकूर आहे तो. पण त्यातल्या २७० मधलं शून्य आणि ५० मधलं शून्य हे आपण आज लिहितो तसंच, छोट्या वर्तुळासारखं आहे, तारीख पक्की माहीत असलेल्या जगातल्या जुन्या शून्यांमध्ये त्याची गणना होते. याहून जुनं, सन ६८३ चं, कंबोडियात सापडलंय, तेव्हा सगळ्यात पहिलं आमचंच असं मी म्हणणार नाही, पण साडेअकराशे वर्षांपूर्वी आमच्या गावात कोणीतरी २७० लिहिताना ते शून्य न अडखळता लिहिलं, बागेच्या हिशोबात, रोजच्या वापरातली गोष्ट असल्यासारखं, हे मला फार मोठं वाटतं.

आता एक फरक नीट समजून घ्यायला हवा. संख्येचे काही गुण तिच्या लिहिण्यात असतात आणि काही गुण तिच्या स्वतःच्या असण्यात. अंकांची बेरीज हा लिहिण्यातला गुण. आपल्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या अंकांच्या खेळाचे बादशहा होते, ६१७४ ही त्यांची संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या असं सुंदर नाव दिलं. किल्ल्यावरची २७० बघा, २+७+० = ९, आणि २७० ला ९ ने भाग जातो, म्हणजे हर्षद. ५० सुद्धा हर्षद. १८७ नाही, कारण बेरीज १६ येते आणि १८७ विषम आहे. आपल्या वीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज केली की ८७ येते, ८७ म्हणजे ३×२९, तेव्हा ती हर्षद असेल तर तिला २९ ने भाग जायला हवा. जातो का ते पुढे कळेल. पण हे सगळं आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून. तीच संख्या कॉम्प्युटरच्या पद्धतीने फक्त ० आणि १ मध्ये लिहिली तर ती ओळीने चौसष्ट वेळा १ अशी दिसते, अंकांची बेरीज सरळ ६४, आणि हर्षद आहे की नाही हा प्रश्नच नव्याने विचारावा लागतो. मूळ अवयव मात्र कशाही पद्धतीने लिहा, बदलत नाहीत. म्हणून संख्येची खरी ओळख करून घ्यायची तर तिचे मूळ अवयव शोधायचे. मूळ संख्या म्हणजे १ पेक्षा मोठी आणि जिला १ आणि ती स्वतः सोडून कोणीच पूर्ण भागत नाही, २, ३, ५, ७, ११ वगैरे, आणि १ च्या पुढची प्रत्येक संख्या अशा मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे मांडता येते.

एकदम वीस अंकांवर उडी मारण्याआधी सहा अंकांवर हात बसवूया. ग्वाल्हेरचा पिनकोड ४७४००१ घ्या. विषम आहे, तेव्हा २ गेला. अंकांची बेरीज १६, तेव्हा ३ गेला. शेवटी ० किंवा ५ नाही, ५ गेला. ७ ने भागलं तर ३ उरतात. ११ साठी अंकांना एकाआड एक अधिक-वजा लावायचं, ४−७+४−०+०−१, उत्तर शून्य, म्हणजे ११ ने भाग जातो आणि भागाकार ४३०९१. आता ४३०९१ ला पुन्हा ११, मग १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७ असं करत बसायचं, कोणीच जात नाही, आणि ४१ ला दार उघडतं, ४१×१०५१. आता १०५१ चं काय? इथे एक चांगली सोय आहे. १०५१ ला स्वतःपेक्षा लहान कुठला मूळ अवयव असता तर त्यातला एक तरी ३३ च्या आत असायला हवा, कारण ३३ चा वर्ग १०८९ म्हणजे १०५१ च्या वर जातो, आणि ३३ च्या आतले सगळे आपण आधीच तपासून बाद केलेत. म्हणजे १०५१ मूळच. ४७४००१ = ११×४१×१०५१, तीन वेगवेगळे मूळ अवयव, आणि एकूण विभाजक फक्त ८.

आता तिच्या अगदी अलीकडची ४७४००० बघा. २ चार वेळा, ३ एकदा, ५ तीन वेळा, ७९ एकदा, आणि विभाजक किती, तर ८०! एकाचा फरक आणि स्वभावात इतकं अंतर. आणि हे योगायोगाने नाही होत, लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये १ सोडून एकही अवयव सामाईक असूच शकत नाही, कारण जो दोघींना भागेल तो त्यांच्यातल्या फरकालाही भागेल, आणि फरक तर एक आहे. एकीचं सगळं माहीत असलं तरी शेजारणीबद्दल त्यातून हाती काही लागत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

आता मोठीकडे या. पिनकोडसारखं एकेक करत भाग देत गेलो तर कुठपर्यंत जावं लागेल? वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे ४२९ कोटीपर्यंत. सेकंदाला एक भागाकार, न झोपता, तर १३६ वर्षं. पण तशी वेळच येत नाही, कारण ही संख्या कशी बांधलीय ते आपल्याला माहीत आहे आणि आठवीचं एकच सूत्र तिला उघडतं, a² − b² = (a−b)(a+b), म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी. २^६४ हा २^३२ चा वर्ग, १ हा १ चा वर्ग, म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १) × (२^३२ + १)

आणि डावीकडचा २^३२ − १ पुन्हा तसाच दिसतो ना, तो पुन्हा फोडा, त्यातून २^१६ − १ निघतो, तो पुन्हा फोडा, असं करत करत २ − १ पर्यंत या, म्हणजे १. कंसांत जे अधिकवाले उरले ते सगळे ओळीने लिहा: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. झालं, या सहांचा गुणाकार म्हणजे आपली वीस अंकी संख्या! पेन्सिल-कागदावर, पाच मिनिटांत. ३ ने भाग जातो हे अंकांच्या बेरजेनेही सांगितलं होतं, ५ तर शेवटच्या अंकावरून दिसतच होता, पण २५७ आणि ६५५३७ नुसतं बघून कोणाला सुचले असते.

माझी भाची बारावीला आहे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहते, तिला हे दाखवत होते तेव्हा तिने मध्येच विचारलं, "मावशी, पण २ चा घात वजा एक म्हणजे मूळ संख्या येते ना? ३, ७, ३१, १२७?" प्रश्न अगदी बरोबर आहे, तशा मूळ संख्या असतात, त्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली त्यातली एक, २^१३६२७९८४१ − १, तब्बल ४ कोटी १० लाख अंकांची आहे. पण त्यासाठी वरचा घातांक स्वतः मूळ असावा लागतो. ६४ चे अर्धे होतात, म्हणून आपलीचेही तुकडे पडतात. आणि घातांक मूळ असला म्हणजे झालं असंही नाही, ११ मूळ आहे तरी २^११ − १ = २०४७ = २३×८९.

तर आपले सहा तुकडे. यातले पहिले पाच मूळ आहेत. सहावा? ३, ५, १७, २५७, ६५५३७ या ओळीला फर्मा संख्या म्हणतात, फ्रान्सच्या पिएर द फर्माच्या नावाने, सतराव्या शतकातला माणूस, धंद्याने वकील-न्यायाधीश आणि गणिताचं वेड. २ चा घात, आणि घातांकही १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा, त्यात १ मिळवायचा. पहिल्या पाच मूळ निघाल्या म्हणून १६४० मध्ये त्याने पत्रात लिहिलं की अशा सगळ्याच मूळ असणार असं मला वाटतं. सिद्ध करता आलं नाही हेही त्याने मान्य केलं. सहावी ४२९४९६७२९७ तपासायला कोणी नेटाने बसलं नाही, आणि तब्बल ९२ वर्षांनी, १७३२ मध्ये, पंचविशीतल्या लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने सांगितलं की हिला ६४१ ने भाग जातो.

भागून बघायची इच्छा झाली तर जरूर बघा, भागाकार ६७००४१७ येतो. पण भागाकार न करताही हे दिसतं, आणि ते इतकं देखणं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५×१२८, म्हणजे ५×२^७. दोन, ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. आता दुसऱ्या रूपाला २^२८ ने गुणा. ६२५×२^२८ म्हणजे (५×२^७) चा चौथा घात, म्हणजे ६४०^४. आणि १६×२^२८ म्हणजे २^३२. तेव्हा ६४०^४ + २^३२ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो, कारण ती ६४१ चीच पट आहे. दुसरीकडे ६४०^४ − १ घ्या, तेच आठवीचं सूत्र लावा, आत ६४०² − १ मिळतो, म्हणजे ६३९×६४१, तेव्हा यालाही ६४१ ने भाग जातो. आता पहिल्यातून दुसरं वजा करा. ६४०^४ उडाला, उरलं २^३२ + १. बस्स, एवढंच! दहा अंकी संख्येला भाग जातो हे दहा अंक न बघता सिद्ध झालं.

ऑयलरला ६४१ सुचला कसा? त्याने दाखवलं की या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असावा लागतो. म्हणजे ६५, १२९, १९३, २५७ असे उमेदवार, त्यातले मूळ नसलेले गाळले की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग थेट ६४१. पाचवाच उमेदवार. ६७००४१७ पण मूळ निघतो. तर आता आपल्या वीस अंकी संख्येची पूर्ण ओळख झाली:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून विभाजक दोनचा सातवा घात, १२८. यात २९ नाही, तेव्हा ती हर्षद नाही. आणि एक जाता जाता, १७९६ मध्ये गाउस नावाच्या एकोणीस वर्षांच्याही आतल्या पोराने फक्त कंपास आणि पट्टीने सतरा बाजूंची नियमित आकृती काढता येते हे दाखवलं, त्यामागे हाच १७ आहे, फर्माच्या ओळीतला. भूमितीत हा कुठून आला हा वेगळाच मोठा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

आता शेजारणी. एकाने पुढे २^६४, ती तर नुसती २ चौसष्ट वेळा, दुसरा अवयवच नाही. आणि आणखी एकाने पुढे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे २^६४ + १. ही फर्माच्या ओळीतली सातवी. इथे अधिकचं चिन्ह आहे, दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र चालत नाही. आपल्या संख्येचे सातही अवयव हातात आहेत, पण ही तिच्यापासून फक्त दोनाने लांब आणि दोघी विषम, म्हणून तेच कारण, सामाईक काहीच नाही, सातातला एकही इथे उपयोगाचा नाही. पहिली पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण उघडली, आणि ही ऑयलरच्या ६४१ नंतरही १४८ वर्षं बंद राहिली! १८८० मध्ये फॉर्च्युने लँड्री नावाच्या फ्रेंच गृहस्थाने, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, तिचे अवयव काढले: २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. दोन्ही मूळ. विभाजक फक्त चार.

मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. मशीन नाही, सगळं हाताने. दोनच वर्षं आधी ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने ऑयलरचा नियम आणखी घट्ट केला होता, त्यानुसार या संख्येचा अवयव २५६ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असावा लागतो, आणि २७४१७७ म्हणजे बरोबर २५६×१०७१ + १. म्हणजे आज आपण ४२९ कोटींच्या ऐवजी १०७१ पायऱ्या चढून तिथे पोचतो, फोनवर तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. नियम माहीत असणं म्हणजे काय हे यातून कळतं. या तिघींच्या आसपास मूळ संख्या कुठे आहेत तेही सांगते, मागे २^६४ − ५९ आणि पुढे २^६४ + १३. या उंचीवर सरासरी ४४ संख्यांत एखादीच मूळ सापडते, इथे मधलं अंतर ७२ आहे, म्हणजे थोडी ओसाड जागा.

याचा व्यवहारात उपयोग? दोन आहेत. एक तुमच्या हातातच आहे. फोनचा प्रोसेसर ६४ बिटचा असतो, म्हणजे एका खणात ० आणि १ अशी चौसष्ट चिन्हं मावतात, आणि सगळी १ झाली की होते तीच आपली संख्या, वजा चिन्ह नको असेल तर त्या खणात मावणारी ती सगळ्यात मोठी. त्यात एक मिळवला की हातचा ठेवायला जागा नाही, खणात फक्त शून्यं उरतात. अशी मर्यादा खरोखर आड येते, वजा चिन्हाचीही सोय ठेवलेल्या ३२ बिटच्या मोजणीत २१४७४८३६४७ च्या वर जाता येत नाही म्हणून २०१४ मध्ये यूट्यूबला एका गाण्याचे व्ह्यूज मोजायला मोजणी ६४ बिटवर न्यावी लागली.

दुसरा उपयोग कुलुपाचा. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी अशी पद्धत काढली की दोन प्रचंड मूळ संख्या गुणायच्या, गुणाकार जगजाहीर करायचा आणि मूळ दोन संख्या लपवायच्या. गुणणं क्षणाचं काम, उलटं येणं अवघड. तिला आरएसए म्हणतात, आज त्यात साधारण ६१७ अंकी गुणाकार वापरतात. २०२० मध्ये २५० अंकी एक फोडला गेला, त्यालाही कॉम्प्युटरच्या एका कोअरने सुमारे २७०० वर्षं करावं इतकं काम लागलं. आता आपल्या तिघी आठवा म्हणजे कळेल की इथे नुसती मोठी संख्या चालत नाही. २^६४ − १ सारखी बांधणी दिसणारी संख्या हजार अंकी घेतली तरी आठवीचं सूत्र तिचे तुकडे करेल. कुलपासाठी मूळ संख्या अशा निवडाव्या लागतात की त्यांना काही आकार, काही ठरीव घडण नसेल.

आणि फर्माच्या ओळीचं पुढे काय झालं म्हणाल तर ६५५३७ नंतर आजवर एकही मूळ सापडलेली नाही. ० पासून क्रमांक दिले तर ५ ते ३२ क्रमांकापर्यंतच्या सगळ्या विभाज्य आहेत हे पक्कं ठरलंय. त्यात २० आणि २४ क्रमांकाच्या अशा आहेत की त्या मूळ नाहीत हे सिद्ध झालंय पण त्यांचा एकही अवयव अजून कोणाला सापडलेला नाही, अवयव न सापडताही तो आहे हे सिद्ध करणारी परीक्षा असते, सारखे वर्ग करत जायचं आणि शेवटी बाकी काय उरते ते बघायचं. ३३ क्रमांकाची मूळ आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. ती २५८ कोटी ५८ लाख अंकांची आहे, आणि त्या परीक्षेत एवढ्या मोठ्या संख्यांचे वर्ग ८५८ कोटींच्या वर वेळा करावे लागतात.